उभ्या उभ्या

आमच्या लाउंजमध्ये खुर्ची नाही.
हे आधीच सांगते, म्हणजे नंतर वाद नको.
गेट अकरा आणि बाराच्या मधे
कपाटाएवढी जागा, एक काउंटर, मागे तीन फ्रिज
आणि मी, हर्षला घरत, मुक्काम उलवे,
पहाटे चार ते दुपारी बारा.

कार्ड लावा. टुंग. हिरवा दिवा.
पिशवी उचला.
आत पनीरचा रोल, एक केळं,
तीन घोटांत संपेल एवढं पाणी,
आणि लिंबाच्या वासाचा ओला रुमाल
ज्याने लिंबू कधी पाहिलेलं नाही.
एका माणसाला चाळीस सेकंद.
पेडणेकर सर घड्याळ लावून बघतात,
आणि चाळीसच का, हे दहा मिनिटं समजावतात.

माणसं येतात ती अर्धी पुढच्या विमानात बसलेली.
डोळे पाटीवर, हात पिशवीत.
कुणी फोनवर भांडता भांडता घेतं.
परवा एकीने बाळ काउंटरवर ठेवलं
आणि वाकून बुटाची नाडी बांधली.
मी बाळाला धरून होते,
तेवढे अकरा सेकंद नियमाबाहेर.

सुरुवातीला लाज वाटायची.
दारात आलेल्याला आमच्याकडे
पाट नाही तर निदान ओटा तरी दाखवतात,
पाण्याचा तांब्या पुढे करतात.
इथे 'बसा' हा शब्द मी
चपलांबरोबर लॉकरमध्ये ठेवून येते.

मग एकदा फ्रिजमध्ये पिशव्या लावताना
माझे हात मला आईचे वाटले.
दादा खाडीत जायचे तेव्हा
कधी पहाटे तीन, कधी पाच,
वेळ घड्याळात नसायची, तिथीवर असायची.
आई दारातच उभी. फडक्यात
तांदळाच्या दोन भाकऱ्या, सुका जवळा,
अख्खा कांदा. तो बुक्कीने फोडायचा.
'बसा जरा' असं ती कधी म्हणाली नाही.
भरती कुणासाठी थांबते?
म्हणजे हे लाउंज आमच्या घरी
माझ्या जन्माआधीपासून चालू होतं,
फक्त हिरवा दिवा नव्हता.

काल सव्वासातला एक आजोबा आले.
नागपूरहून मंगळुरूला, मधे पस्तीस मिनिटं.
पासवर नाव, आडनाव आधी: ढोटे वामन.
'किती झाले?'
काही नाही, कार्डात आहे.
'कार्ड पोराचं आहे.'
मग पोराने दिलं असं समजा.
'बसायचं कुठं?'
मी पाटी दाखवली. त्यांनी ती
सातबारा वाचावा तशी सावकाश वाचली,
मग काउंटरच्या टोकाला सरकून
उभ्यानेच केळं सोललं.
मागे सहा माणसं. सहा चाकांच्या बॅगा.
'चहा तरी झाला का तुमचा?'

आठ महिन्यांत हे मला कुणी विचारलं नव्हतं.
मी हो म्हणाले.
झाला नव्हता.

मागून कुणीतरी खाकरलं.
आजोबांनी साल पिशवीत घातली,
पिशवीची घडी केली, घडीची आणखी घडी,
खिशात ठेवली, म्हणाले,
'येतो बरं का.'

इथून परत कुणी येत नाही.
सरकती काच एकाच बाजूला उघडते.
थँक यू म्हणतात, पुष्कळसे तेही नाही.

दादांच्या तोंडून कधी 'जातो' निघालं
की आई त्यांना वाटेवरून मागे बोलवायची,
उंबऱ्यावर पुन्हा उभं करायची,
'येतो म्हणा.'
आणि ते म्हणेपर्यंत
भरती थांबायची, मी पाहिलंय.

'या,' मी म्हणाले. 'सावकाश जा.'

पेडणेकर सरांच्या घड्याळात
दोन मिनिटं अकरा सेकंद.
रजिस्टरमध्ये उशिराच्या कारणाचा रकाना आहे.
मी लिहिलं, कार्ड चाललं नाही.

पुढचे.
टुंग.