जरा डावीकडे

नकाशावर तो नुसता त्रिकोण, शेजारी आकडा :
एक हजार नऊशे बारा.
इनुतेक बोट ठेवतो, म्हणतो, इथं नाही,
जरा डावीकडे.

समुद्रातून पाहिलं तर सुळका;
हिमनदीच्या तोंडाशी आलात की
ओझं उतरवायला वाकलेला माणूस.
उत्तरेचा कडा इतका उभा की बर्फही टिकत नाही,
खाली खाडी, मोडक्या हिमखंडांची,
रात्रभर कुरकुरणारी.

वर कोणी गेलंय?
तो कुत्र्यांच्या दोऱ्यांचा गुंता सोडवत राहतो.
"सील तर खाली असतात."

नोव्हेंबरात सूर्य जातो.
फेब्रुवारीत आधी ते टोक उजळतं,
गाव आठ दिवसांनी.
तेवढ्यासाठी पिपालुक
खिडकीवरचा बर्फ नखानं खरवडून ठेवते,
रुपयाएवढा.

मी खोडरबर काढतो.