छपरावरचं जाळं

दुपारी तीनला उरकुडा कोतवाल
भोंगा घेऊन ढिवर मोहल्ल्यात आला.
म्हणाला, वावधन येऊन राहिलं,
मोठं हाये, घरं सोडा, शाळेत जा.
आई म्हणाली, शाळेलेही टिनाच हायेत न् भाऊ.
तो हसला नाही. पुढच्या गल्लीत गेला.

आमच्या घराला टिना नऊ.
दोन पंचायतीच्या, चार उसन्या,
तीन कुठून आल्या ते बाबा सांगत नसे.
वर दगड, सायकलचं चाक,
आणि फुटका पाटा.

तलावापलीकडनं आभाळ
तव्याच्या बुडासारखं होत आलं.
ताई तेंदूफळीवर.
तिचे अडीचशे पुडे उन्हाला पडलेले,
सत्तर पानांचा एक.
भिजला पुडा मुनशी मोजत नाही.
आई वाटेकडे पाहत होती,
हात मात्र पिठातच.

बाबानं खुंटीवरचं जाळं काढलं.
मामा तलाव आटल्यापासून ते तसंच होतं,
अजून शिंगूरचा वास मारत होतं.
मला म्हणाला, पलीकडून धरजो.
आणि त्यानं ते घरावर फेकलं.
घरावर! जसं पाण्यावर फेकतात,
मनगट वळवून, पुरता गोल उघडेल असं.
शिशाचे मणी टिनांवर वाजले.
एक दोर मोहाला, एक बकरीच्या खुंट्याला,
एक आईनं आपल्या कमरेला बांधला.
सोड तो, बाबा म्हणाला.
तिनं सोडला नाही.

मग वारा आला.
त्याचं मला फार सांगता येणार नाही,
मी डोळे मिटले होते.
एवढंच, की घर श्वास घेत होतं
टोपलीत टाकलेल्या मरळीसारखं,
आणि दर हिसक्याला आई
बोटभर उंच होत होती.

ताई अंधारात आली.
ओच्यात अकरा पुडे, कोरडे.
बाकीच्यांचं बोलली नाही.

सकाळी मागची भिंत नव्हती.
टिना नऊच्या नऊ.
आणि जाळ्यात तेंदूची पानं, कोणाकोणाची,
लिंबाच्या काड्या, अर्धं कवेलू,
रामटेके मास्तरांची बनियान,
पंख मोडलेला एक बगळा. जिवंत.

कमरेवरचा वळ चोळत आई बसली
आणि मासे निवडावेत तसं
एकेक सोडवू लागली.
पानं इकडे, काड्या चुलीकडे.
बनियान झटकून दोरीवर टाकली.
बगळ्यापाशी थांबली.

सोडून दे त्याले, बाबा म्हणाला.

उडता येत नाही त्याले, ती म्हणाली,
मंग सोडू कसा?