एकक

शनिवारी सकाळी दहाला घड्याळ सुरू झालं,
पडद्यावर, लाल आकड्यांत: तीस तास, शून्य मिनिटं.
आडगावचं कॉलेज, तिसऱ्या मजल्यावरची लॅब,
जानेवारीतली लादी, बुटांतून वर चढणारी थंडी
आणि टेबलाटेबलावर एकेका एक्स्टेन्शन बोर्डाला
कुत्रीला लुचणाऱ्या पिलांसारखे सात-आठ चार्जर.

टीममध्ये आम्ही चौघं.
तौसिफला कोड येतं. मृण्मयीला बोलता येतं.
खैरनारकडे मामाच्या दुकानातला सेन्सर.
मी बादली आणली.

हसू नका.
पूर मोजायचा तर पाणी लागतं,
आणि गंगा (गोदावरी ती फक्त फॉर्मवर)
जानेवारीत पायऱ्यांशी मुकाट पडून असते.
म्हणून होस्टेलची निळी बादली,
कडेला नेलपॉलिशनं लिहिलेलं: रूम २१४.
मी मगानं पाणी ओतायचे, सेन्सर आकडा सांगायचा.
अकरा. चौदा. चौदा. उणे तीन.
खैरनारनं सेन्सरवर फुंकर घातली,
खरचटल्यावर घालतात तशी.

शेजारचं टेबल फोटोवरून द्राक्षांचा रोग ओळखत होतं;
नमुन्याचे घड त्यांनी बारालाच खाऊन टाकलेले.
पलीकडे एकजण कीबोर्डवर गाल टेकून झोपला
आणि त्याच्या गालानं चार पानं
एकच अक्षर लिहिलं.

तीन वाजता दिवे बघायला बेंडकोळी मामा आले.
हातात काठी, कानाला मफलर.
"काय चाललंय, ताई?"
"पूर आणतेय."
ते स्टुलावर बसले. आलेख वर जाताना पाहिला.
चार पूर्णांक दोन मीटर.
"म्हणजे मारुतीच्या कुठं?"

कुणी काही बोललं नाही.
धरणातून सोडलेले क्यूसेक पेपरात यायचे,
पेपर रद्दीत जायचा.
मावशी फोनवर विचारायची, कुठवर आलंय?
आणि बाबा सराफ बाजारातून ओरडून सांगायचे:
गुडघ्याला.
कमरेला म्हटलं की माल माळ्यावर जायचा.
छातीला म्हटलं की दुकानाला कुलूप.
गळ्याला म्हटलं की पलीकडे मावशी
नुसती श्वास घेत राहायची.

"माझी फुफी पण असंच विचारते," तौसिफ म्हणाला,
आणि मीटर खोडायला घेतले.

उजाडताना मी आणि खैरनार स्कूटीवरून घाटावर.
दुतोंड्या मारुतीला टेप लावली:
घोटा, गुडघा, कंबर.
वरचं सगळं अंदाजानं, खैरनारच्या खांद्यावर उभं राहून.
आंघोळ करणारे एक आजोबा कुडकुडत म्हणाले,
"कपडे शिवताय का त्याला?"
टेपला लागलेला शेंदूर अजून निघालेला नाही.

चार वाजता परीक्षक. पुण्याचे, निळं जॅकेट.
"युनिट काय?"
मृण्मयी, जिला बोलता येतं, ती अडकली.
मी मग हातात धरून होते.
"कंबर," मी म्हणाले.
अर्धा हॉल हसला.
उरलेला अर्धा नाशिकचा होता.

बक्षीस द्राक्षांना मिळालं. मिळायलाच हवं होतं,
आमचं पाणी ऐन वेळी मारुतीच्या पायाखाली गेलं,
उणे तीन, सगळ्यांदेखत.
आम्हाला टी-शर्ट मिळाले, चारही डबल एक्सेल.

वायरी गुंडाळताना तौसिफनं
मामांचा नंबर यादीत घातला. पहिलाच.
मी बादली जिन्यातल्या कुंडीत रिकामी केली.
मामांच्या खिशात बटणांचा फोन वाजला.
चष्मा कपाळावरून खाली ओढून
त्यांनी हात लांब करून वाचलं.
"ओसरलं," ते म्हणाले,
आणि लॅबला कुलूप लावलं.