पंचवीसचे तीस

पहिली डिस्क पोचायला वीस दिवस लागले.
फॉल रिव्हरहून इव्होनने फोनवर वाचून दाखवलं
पडद्यावर काय येतंय ते : नो डिस्क.
हातात आहे हो माझ्या, ती म्हणाली,
आत्ताच घातली, आत्ताच काढली,
आणि हा म्हणतो, नाहीच.

लिओनिल्दोचे गुडघे गेले, मग घर गेलं.
आता वृद्धाश्रमात एक खोली, एक टीव्ही
आणि आधीचा कुणी मागे ठेवून गेलेला डीव्हीडी प्लेअर.
इंटरनेटवरून पाठवतो म्हटलं, तर नको म्हणाला.
हातात धरता येईल असं काहीतरी पाठव, एर्मिनियो.

म्हणून कॅमेरा घेऊन मी पायवाट उतरलो,
वरच्या दगडी क्रुसापासून खाली फजांपर्यंत,
जिथे कड्याने समुद्रात जीभ काढलीय
आणि त्या जिभेवर आमच्या बापाची
सत्तावीस कॉफीची झाडं.
एक्केचाळीस मिनिटं. फुल एचडी.
दगडन्‌दगड मोजता यावा त्याला,
एवढाच माझा हट्ट.

माझ्या कॉम्प्युटरवर सगळं चालतं. तीच तर अडचण.
इथलं यंत्र सगळं सोसतं, घरच्या माणसासारखं.
पलीकडच्याला काय खुपतं
ते कळायला प्रत्येक खेपेला तीन आठवड्यांचं टपाल.

दुसऱ्या खेपेला हट्ट सोडला.
हजार ऐंशी ओळींच्या पाचशे शहात्तर केल्या.
शेवाळ गेलं. नेचे गेले.
बांधातले दगड एकमेकांत मिसळून
नुसता करडेपणा उरला.
आता तरी लागली का? विचारलं.
लागली, इव्होन म्हणाली, पण चित्र धावतंय,
खालून वर, खालून वर, थांबतच नाही.

तेव्हा कळलं :
आमचा सेकंद पंचवीस चित्रांचा, त्यांचा तीसचा.
(बरोबर तीसचाही नाही, पण ते राहू दे.)
पन्नास वर्षं झाली त्याला तिकडे जाऊन
आणि हा विषय आमच्यात कधी निघालाच नाही.

वरची पाच आणायची कुठून?
सॉफ्टवेअर म्हणालं, मी बघतो.
माझ्या दोन पावलांच्या मध्ये
त्याने एक पाऊल घातलं, मी न टाकलेलं.
उडत्या पक्ष्याला दोन ठिकाणी
थोडं थोडं ठेवलं.
एक्केचाळीस मिनिटांत अशी बारा हजार तीनशे चित्रं,
जी कुणाच्याच डोळ्यांनी पाहिलेली नाहीत.

तिसऱ्या डिस्कमध्ये लाट फुटायच्या आधीच
तिचा आवाज यायचा.
लिओनिल्दो म्हणे हसला.
आपली आई, म्हणाला,
आधी ओरडायची, मग पडायची.

इंग्रजीत डिस्क जाळतात. आमच्या भाषेत कोरतात.
चौथी मी कोरली,
सोळाच्या वेगाने नाही, चारच्या.
रात्री दीडला ट्रे बाहेर आला,
डिस्क कोमट होती.
बोटाचा ठसा उमटू न देता कडेने उचलली
आणि पाकिटावर त्याचं नाव
गरज नसताना दोनदा लिहिलं.

या वेळी फोन त्याचाच आला.
पोचलो रे खाली, म्हणाला.
दगड दिसले?
दगड पाठ आहेत मला. तू एवढा धापा का टाकतोस?

धापा?

मग शोधत बसलो. कॅमेरा आवाज सहा वाटांनी घेतो.
त्यातल्या मागच्या दोघांचे कान
कॅमेरा धरणाऱ्याकडे असतात.
माझ्याकडे पुढचेच दोन स्पीकर,
मला नुसता समुद्र ऐकू यायचा.
त्याच्यासाठी सहाचे दोन करताना
मागचं सगळं पुढे आलं.
अख्खी पायवाट माझ्या श्वासाची.

पाचवी पाठवू का? ते काढून टाकतो.
वेडा आहेस. त्याच्यामुळेच तर
तुझ्या मागे मागे चालता आलं.
फक्त तिसऱ्या वळणावर बसत जा थोडा.
आणि डॉक्टरला दाखव.
पलीकडच्या बेटावर बुधवारची फेरी
अजून जाते ना?