इतर

भांडुपला औषधांच्या कारखान्यात
पॅकिंगच्या पट्ट्याशेजारी मी उभा असायचो.
हातात पाटी, पाटीला अडकवलेलं स्टॉपवॉच,
वय वर्षं तेवीस.
उचलणे, फिरवणे, लेबल, खोक्यात ठेवणे,
मिनिटाचे शंभर भाग करून लिहायचं.
कुठल्याही कामाची एकच उत्तम पद्धत असते
असं पाऊणशे वर्षांपूर्वी, पोलादाच्या कारखान्यात
कुणा गोऱ्यानं शोधून ठेवलेलं.
आमच्या साहेबांनी ते टाइप करून
टेबलाच्या काचेखाली सरकवलेलं,
गणपतीच्या शेजारी.

इंदुमती खारकर चौथ्या जागेवर.
पहिल्या दिवशी तिचा हात जड झाला,
दुसऱ्या दिवशी माझ्याकडे बघून आणखी.
पुस्तकात याला नाव आहे.
दुसऱ्या पुस्तकात बरोब्बर उलटं:
कुणी बघायला आलं की काम वाढतं म्हणे,
दिवे वाढवा, दिवे मंद करा, वाढतंच.
भांडुपला नाही वाढलं.

तिसऱ्या दिवशी तीच म्हणाली,
‘साहेब, मघाशी मी खोकले
ते कुठल्या रकान्यात गेलं?’
मी तक्ता पाहिला.
‘इतर’ म्हणून एक रकाना होता, करंगळीएवढा.

आठव्या दिवशी दिसलं.
पागधरेबाईंचं मनगट सुजलेलं,
बांगड्या काढून ठेवलेल्या.
त्यांच्या वाटच्या दहांतल्या चार बाटल्या
खारकर अलीकडेच उचलायची,
दोन पलीकडे फिलोमिना.
एकमेकींकडे न बघता.
तोंडानं चाललेलं दुसरंच,
मटार, नणंदेचं डोहाळजेवण,
चाळीच्या मोरीचा तुंबलेला पाइप.
हे काम कुणी वाटून दिलं नव्हतं.
सुपरवायझरच्या वहीत नव्हतं, युनियनच्याही.

मी लिहिलं.
वेळेसकट, नीट. अक्षर माझं चांगलं होतं.
महिन्याभरात पट्ट्यावरची एक जागा कमी झाली
आणि मला साडेतीनशेची वाढ.
पागधरेबाई पुढे कुठे गेल्या
ते तक्त्यात येत नव्हतं.

आता वडाळ्याला रात्रीच्या कॉलेजात शिकवतो.
फळ्यावर वर एक चौकोन, खाली तीन, त्याखाली नऊ.
अधिकार वरून खाली येतो, पाण्यासारखा, म्हणतो मी.
मागच्या बाकावर रत्नदीप ओव्हाळ,
महापालिकेत सफाईचा मुकादम.
‘आमच्याकडे पाणी खालनं वर चढवावं लागतं, सर.
पंप लावून.’
एका माणसाला एकच साहेब,
या तत्त्वाखाली मी दोन रेघा ओढतो.
तो बोटं मोजतो. ‘मला साडेतीन.’
अर्धा कोण रे?
‘नगरसेवकाचा मेहुणा.’
वर्ग हसतो. मीही हसतो,
खडू मोडतो तेवढ्यात.

परीक्षेत प्रश्न चौथा:
अनौपचारिक संघटना म्हणजे काय? सोदाहरण लिहा. गुण पाच.
बाकीच्यांनी गाइडातली व्याख्या उतरवली,
उदाहरणात चहाची टपरी, ऑफिसची क्रिकेट टीम.
एकानं व्याख्या लिहिलीच नव्हती.
नंबरच होता वर, पण अक्षर ओळखलं मी:

‘आमच्या चौकीतल्या साळवेचं डायलिसिस असतं,
मंगळवार आणि शुक्रवार.
त्या दिवशी त्याची बंदराकडची गल्ली
आम्ही पाळीनं झाडतो. त्याची हजेरी लागते.
कुणी सांगितलेलं नाही.
वर माहीत नाही.’

पाचपैकी पाच दिले.
गठ्ठा सकाळी मॉडरेटरकडे जायचा.
ते पालिकेतूनच निवृत्त झालेले, तपशिलाला पक्के.

रात्री साडेबाराला उठलो.
लाल पेनानं साळवे खोडला.
वाचता येत होता.
नातीच्या कंपासपेटीतून काळं स्केचपेन काढलं,
साळवे, मंगळवार, शुक्रवार,
हजेरी, गल्ली, बंदर,
कागद पलीकडून ओला होईपर्यंत.
समासात लिहिलं, उदाहरण अस्पष्ट.
गुण तसेच ठेवले.