उताराचं मैदान

वहीचं पहिलं पान चहाच्या डागाने सुरू होतं.
सन १८८८, बुधवार. अध्यक्ष एबेनेझर टॉश, लोहार.
शिल्लक चार शिलिंग. देणं, एक चामडी चेंडू.
ठराव दुसरा: शनिवारी दुपारी मेंढ्या हलवाव्यात.
ठराव तिसरा: हे मेंढ्यांच्या मालकाला कुणी सांगायचं,
ते पुढच्या सभेत.

पिटकार्नीत सपाट जागा दोनच,
चर्चची, आणि चर्चमागच्या थडग्यांची.
क्लबच्या वाट्याला आली ती समुद्राकडे कललेली,
या गोलपासून त्या गोलपर्यंत पुरुषभर उतार.
अर्धा खेळ चढणीला, अर्धा उतरणीला,
आणि चेंडू कुंपणावरून गेला की थेट बंदरात.
म्हणून जमाखर्चात दरवर्षी ही एक ओळ:
होडीवाला पोरगा, सहा पेन्स.

१९१४ चा संघ सुबक अक्षरात आहे, अकरा नावं.
मग सहा पानं कोरी.
कागद मोजून वापरणाऱ्या गावात
कुणी पानं कोरी सोडत नाही.
चिटणीस गिलक्रिस्टने सोडली.
सातव्या पानावर पुन्हा तोच,
अक्षर मात्र डाव्या हाताचं, पोरासारखं:
सभा भरली. गणपूर्ती झाली नाही.
तरी सभा झाली.

सदतीस साली कपात ग्लासगोचा बडा संघ आला,
बुटांनासुद्धा पॉलिश केलेला.
हेक्टर रे, पिंपं बांधणारा, माशांच्या वासाचा,
त्याने डोकं लावलं. आत.
एकोणीस मिनिटं आपण पुढे होतो.
नंतरचे सात गोल वहीत आहेत,
गावात विचाराल तर कुणाला आठवत नाहीत.
हेक्टरच्या दगडावर जन्माचं साल पुसट झालंय,
खालची ओळ दरवर्षी कुणीतरी रंगवतं:
सव्विसावं मिनिट.

बासष्टमध्ये इफी लॉरिमरने
नव्या तांबड्या जर्सी पांढऱ्या चड्ड्यांबरोबर उकळल्या.
दुसऱ्या घ्यायला पैसे नव्हते.
ठराव: क्लबचा रंग गुलाबी होता असे मानावे.
एकमताने मंजूर. इफी गैरहजर.

मग हेरिंग गेले, तागाची गिरणी गेली,
गिरणीमागून पोरं गेली.
एका फेब्रुवारीत आठच जण मैदानात उतरले
आणि चौदा गोल खाऊन, हातपाय धुऊन,
समोरच्या संघाला गरम सूप वाढलं.
सुपाचा खर्च लिहिला आहे. धावसंख्या समासात.

आता वही माझ्याकडे.
काल पाच जण जमलो, हिटरची एकच कांडी लाल.
नगरपालिका हायवेजवळ मैदान देते आहे,
सपाट, प्लॅस्टिकच्या गवताचं, दिव्यांसकट.
हो म्हणणारे दोन, नाही म्हणणारे दोन.
उरला लॅकी मन्रो, वय एक्याऐंशी,
छपन्न साली होडीवाला पोरगा.
बराच वेळ टोपी फिरवत बसला.
मग म्हणाला,
तिकडे चेंडू गेला तर जाईल कुठे?

कुणी हसलं नाही.
मी प्रश्न वहीत उतरवून घेतला.
बाहेर वारा, भरती,
आणि कुंपणाच्या जाळीला कुणाचा तरी
एक गुलाबी मोजा.