सदुसष्ट नंबर

क्राटोचविल सरांचा डावा गुडघा
हवामान खात्याच्या आधी बर्फाचं सांगतो.
"आज लवकर उरकू," म्हणतात,
आणि आम्ही आभाळाकडे नाही, त्यांच्या पायाकडे बघतो.

नेब्रास्कातलं आमचं गाव: एकच सिग्नल,
तोही रात्री नुसता पिवळा मिचकावतो.
पण डायनरच्या गल्ल्यामागे फोटो आहे.
बावीस नंबरचा पोरगा, काखेत लांबट चेंडू,
मागे सत्तर हजार माणसं तोंड उघडून थिजलेली.
एकोणीसशे त्र्याऐंशी. एक्क्याण्णव यार्ड.
त्या एका धावेवर सरांनी
चाळीस वर्षं कॉफीचे पैसे दिलेले नाहीत.

पुढचं कुणी फ्रेम केलं नाही.
व्यावसायिक संघात अकरा दिवस, तेही सरावापुरते.
मग खताच्या गोणी विकल्या, मग लग्न मोडलं,
मग शाळेत इतिहासाचा तास आणि गळ्यात शिट्टी.
पहिल्या हंगामात नऊ सामने, नऊ हार.
कुणीतरी रातोरात त्यांच्या अंगणात
'घर विकणे आहे'ची पाटी रोवून गेलं.
सरांनी ती उपटली नाही.
तिच्याभोवतीचं गवत तेवढं कापत राहिले.

दर गुरुवारी ते आम्हाला ती धाव दाखवतात.
फिल्म जुनी, मुंग्या आलेली.
पहिल्यांदा आम्ही बावीसकडेच बघितलं. कोण नाही बघणार?
सरांनी काठीने पडद्याचा कोपरा ठोकला.
"त्याला सोडा. पळतोय, त्यात काय.
सदुसष्ट बघा."

खांदा खाली. दोघं अंगावर घेतलेले.
दार किलकिलं व्हावं एवढीच फट,
बावीस तिच्यातून निघून जातो,
कॅमेराही त्याच्याच मागे.
सर फिल्म मागे घेतात. पुन्हा. पुन्हा.

"तो उठला का, सर?" एफ्राइनने विचारलं.
त्याचे वडील मांसाच्या कारखान्यात रात्रपाळीला असतात,
असले प्रश्न त्यालाच सुचतात.
सरांनी दिवा लावला.
"हार्लन ओस्टडिक. नाही उठला.
मला ड्रेसिंग रूममध्ये कळलं.
नाचून झाल्यावर."

शुक्रवारी आम्ही सहा गुणांनी हरलो.
आमचा एकमेव टचडाउन माझा.
रेषा ओलांडली, बँड वाजला,
आणि मी चेंडू टाकून उलटा धावत सुटलो.
एफ्राइन गुडघ्यावर बसून गवत थुंकत होता.
"काय रे?" म्हणाला. "जिवंत आहे मी."

सर कडेला पाठमोरे,
वाकून गुडघा चोळत होते बराच वेळ.

शनिवारी लख्ख ऊन पडलं.